दातांच्या दवाखान्याचे परवाने, निर्जंतुकीकरण आणि पेशंटची सुरक्षा: गोव्यातल्या जाणकारांनी सांगावं

कुळागर (धागाकर्ता)
म्हापशात दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना दिवाळीआधी सुरू करायचा आहे. डॉक्टर दोन, सहायक दोन, आणि कागदपत्रं-खरेदी माझ्याकडे. एजंट 'सगळं करून देतो' म्हणतात, पण त्यांच्या यादीत प्रमाणपत्रांपलीकडे काहीच नाही. तर प्रश्न तीन. परवानग्या कोणत्या आणि कोणत्या क्रमाने? ऑटोक्लेव्ह (वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र) कुठला? आणि सगळे परवाने भिंतीवर लागलेले असूनही पेशंटला इजा होऊ शकते अशा जागा कोणत्या? तिसऱ्याचं उत्तर सविस्तर हवंय. किमती आणि दुकानदारांची नावं नकोत.

मांडवीकाठ
परवान्यांचं आधी उरकतो. त्यात अवघड काही नाही, फक्त क्रम चुकला की महिने जातात.

दोन्ही डॉक्टरांची नोंदणी गोवा राज्य दंत परिषदेत हवी. महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात झालेली असेल तर ती इकडे वर्ग करून घ्या, हे पहिलं काम. दवाखान्याची नोंदणी गोव्याच्या स्वतःच्या २०१९च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली. नेटवर जे नमुने फिरतात ते बहुतेक केंद्राच्या २०१०च्या कायद्याचे, तेव्हा अर्ज उतरवून घेताना वरचं नाव वाचा. पालिकेचा व्यापार परवाना वेगळा.

कचऱ्यासाठी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे फॉर्म २ भरायचा. खाटा नसलेल्या दवाखान्याला ही मान्यता एकदाच घ्यावी लागते. लोक इथेच गाफील राहतात: मान्यता एकदाच असली तरी वार्षिक अहवाल, म्हणजे फॉर्म ४, दर वर्षी ३० जूनपर्यंत द्यावाच लागतो. नोंदी पाच वर्षं जपायच्या.

एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचं ई-लोरा पोर्टल. मशीन विकत घेण्याआधी त्या मॉडेलला मंडळाचं टाइप अप्रूव्हल आहे का ते बघा. हातात धरायची स्वस्त मशीनं ऑनलाइन मिळतात, ती घेणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. आणि मशीन कुठे बसणार हे इंटिरियरवाल्याला भिंती उभ्या करण्याआधी सांगा.

ऑटोक्लेव्हदुरुस्ती
दुसरा प्रश्न माझा. बी क्लास घ्या, वाद नको. कारण मात्र समजून घ्या, नाहीतर बी क्लास घेऊनही वाट लागते.

वाफ जंतू मारते ती धातूला प्रत्यक्ष भिडली तर. मध्ये हवा राहिली की तिथे वाफ पोचत नाही. टर्बाइन हँडपीस (दात कोरायचं हातातलं अवजार) आतून पोकळ असतो, नळ्या केसाएवढ्या बारीक. कुकरसारख्या साध्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफ हवेला खाली ढकलते, पण त्या नळ्यांतली हवा तिथेच बसून राहते. बी क्लासमध्ये व्हॅक्यूम पंप आधी हवा ओढून काढतो, वाफ सोडतो, परत ओढतो, असं अनेकदा. म्हणून पोकळ आणि कागद-प्लास्टिकच्या पाऊचमध्ये बंद केलेल्या वस्तू तिथेच टाकायच्या. एन क्लास फक्त उघड्या, भरीव अवजारांसाठी.

साधा कुकर वापरणाऱ्यांसाठी: काटा १५ पौंड दाखवतो म्हणून आत १२१ अंश आहेत असं समजू नका. आत हवा उरली असेल तर हवा आणि वाफ मिळून १५ पौंड होतात, तापमान मात्र खालीच राहतं. वाफ सलग, जोरात बाहेर येऊ लागल्यावरच व्हॉल्व्ह बंद करायचा आणि वेळ मोजायची ती १२१ अंश गाठल्यापासून.

बी क्लासचं नेहमीचं चक्र १३४ अंशांना तीन ते साडेतीन मिनिटं. चक्र एकूण चाळीस मिनिटांवर जातं ते व्हॅक्यूम आणि सुकवण्यामुळे. घाईत सुकवणं तोडून पाऊच ओले बाहेर काढले की सगळं फुकट. ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा की कोरडा निघालेला पाऊचही उघड्या शेल्फवर मऊ पडतो. बंद कपाट, एसी खोली, सिंकपासून लांब.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं चालत नाही, ते डिस्टिल्ड नसतंच. क्षार हीटरवर बसतात, मग अवजारांवर पांढरे डाग येतात, पुढे सेन्सर चुकीचं तापमान सांगू लागतो. दाराचं गॅस्केट रोज ओल्या फडक्याने पुसा. गॅस्केटवर वाळलेल्या तेलाचा पातळ थर जरी राहिला तरी व्हॅक्यूम गळतो. ते तेल येतं हँडपीसमधून, जास्तीचं तेल फुंकून काढल्याशिवाय पाऊचमध्ये टाकलेल्या.

नर्सबाय
वर सांगितलंय ते मशीनचं. मशीनमध्ये घाण अवजार गेलं तर घाणच शिजून बाहेर येते.

क्रम असा. वापर झाल्यावर लगेच ओलं ठेवा, रक्त वाळू देऊ नका. मग एन्झाइमच्या पाण्यात अल्ट्रासोनिक, अवजारं उघडी करून, टोपली काठोकाठ न भरता. हँडपीस अल्ट्रासोनिकमध्ये कधीच नाही, बेअरिंग जातं. स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, उजेडात डोळ्यांनी तपासा. मग पाऊच. पाऊच ट्रेमध्ये उभे, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लास्टिककडे, दाबून नाही. आडवे थापून ठेवले की मधले पाऊच कच्चेच राहतात.

प्रत्येक पाऊचवर तारीख, चक्राचा क्रमांक, कोणी भरलं त्याची सही. चक्राचा क्रमांक का, तर उद्या एखादी चाचणी नापास झाली तर नेमके कोणते पाऊच परत बोलवायचे ते कळावं.

आता चाचण्या. पाऊचवरची पट्टी रंग बदलते ती फक्त 'हे मशीनमध्ये जाऊन आलं' एवढंच सांगते. आत पाचव्या प्रकारचा रासायनिक निर्देशक ठेवा, तो वेळ, तापमान, वाफ तिन्ही मिळून बघतो. पोकळ वस्तूंसाठी सकाळी हेलिक्स चाचणी, म्हणजे लांब बारीक नळीच्या टोकापर्यंत वाफ पोचते का ते बघायचं. आणि आठवड्यातून एकदा जिवंत बीजाणूंची (जंतूंचं सगळ्यात चिवट रूप) चाचणी: जिओबॅसिलस स्टेरोथर्मोफिलसची कुपी भरलेल्या ट्रेमध्ये, सगळ्यात अवघड कोपऱ्यात ठेवायची, मग ५५ ते ६० अंशांत उबवायची. न शिजवलेली एक कुपी सोबत उबवायला विसरू नका. तिच्यात वाढ झाली नाही तर कुपीच मेलेली होती, तुमचा निकाल रद्द.

शिवोलीकर
इतकं कशाला? ग्लुटारल्डिहाइडच्या जंतुनाशक द्रावणात बुडवलं की काम होतं. छोट्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं तेच चालतंय.

नर्सबाय
शिवोलीकर, २ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये २० मिनिटं ठेवल्याने बरेच जंतू मरतात, बीजाणू नाहीत. बीजाणूंसाठी दहा तास लागतात. दोन पेशंटमध्ये दहा तास कोण थांबतं? शिवाय अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर त्याची मुदत साधारण १४ दिवस, आणि मध्ये ओली अवजारं टाकून टाकून ते पातळ होत जातं. डब्यावर तारीख लिहिलेली नसेल तर ते पाणीच समजा. निळ्या दिव्याच्या पेटीलाही काही लोक स्टरिलायझर म्हणतात. ती फार तर निर्जंतुक वस्तू ठेवायची पेटी. प्रकाश जिथे पडतो तिथलंच मरतं, चिमट्याच्या सांध्यात काही पोचत नाही.

विहीरपाणी
तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते पाण्यात आहे. खुर्चीच्या आतल्या बारीक नळ्यांत पाणी रात्रभर थांबतं आणि भिंतींवर जंतूंचा थर बसतो. टाकीत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर बघायलाच नको. चवथीची सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी जो पहिला पेशंट बसतो, त्याच्या तोंडात आठवडाभर शिळं झालेलं पाणी जातं.

खुर्ची घेताना स्वतंत्र बाटलीची सोय असलेलीच घ्या. रात्री बाटली रिकामी, नळ्या हवेने फुंकून कोरड्या. सकाळी प्रत्येक नळी दोन मिनिटं सोडून द्या, आणि दोन पेशंटमध्ये हँडपीस, स्केलर, हवा-पाण्याची सिरिंज, प्रत्येकी २० ते ३० सेकंद. एवढ्याने नळीतला थर निघत नाही, त्यासाठी उत्पादकाने सांगितलेलं रसायन ठरलेल्या अंतराने लागतं. साध्या कामासाठी दर मिलिलिटरमध्ये ५०० जंतुवसाहतींची मर्यादा अमेरिकेतली सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था देते. नमुना प्रयोगशाळेत दिलात तर निकाल त्या आकड्याशी ताडून बघा.

हाड उघडं करायचं असेल, म्हणजे अक्कलदाढ किंवा इम्प्लांट, तर खुर्चीचं पाणी अजिबात नको. सलाइन, वेगळ्या निर्जंतुक नळीतून.

आणि त्या सलाइनची बाटली! तमिळनाडूत वाणियंबाडीच्या एका दंत दवाखान्याशी जोडलेला मेंदूच्या संसर्गाचा उद्रेक झाला, आठ जण दगावले. जंतू मेलिऑइडोसिसचा, आणि तो सापडला उघड्या सलाइनच्या बाटलीत. बाटली हाड खरवडायच्या अवजाराने फोडायची, वापरून सैल बंद करायची, पुढच्या पेशंटला परत तीच. हा जंतू माती-पाण्यात राहतो आणि शेजारच्या कर्नाटक किनाऱ्यावर पावसाळ्यात त्याचे रुग्ण नेहमी सापडतात. म्हणजे हा प्रकार आपल्यापासून लांबचा नाही. १०० मिलिलिटरच्या बाटल्या घ्या, एका पेशंटला एक, उरलं ते ओता. ५०० ची बाटली स्वस्त पडते म्हणून दिवसभर पुरवली की धोका तिथेच.

भूलशास्त्र
विहीरपाणी यांनी सलाइनचं सांगितलं तेच भुलीच्या बाटलीला लागू. आपल्याकडे ३० मिलिलिटरची लिग्नोकेनची बाटली सर्रास. झाकणाच्या रबरात एक सुई कायमची टोचून ठेवायची आणि सिरिंज बदलत राहायची, हा प्रकार बघितलात तर त्याच दिवशी बंद करा. प्रत्येक वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज, रबर ७० टक्के अल्कोहोलने पुसून, उघडल्याची तारीख लेबलवर, २८ दिवसांनी बाहेर. कार्ट्रिज, म्हणजे भुलीचं औषध भरलेली तयार नळी, वापरणं बरं. कार्ट्रिज मात्र एका पेशंटचंच, अर्धं उरलं तरी फेकायचं.

हिशेब भिंतीवर लावा. २ टक्के म्हणजे मिलिलिटरमध्ये २० मिलिग्राम. पूर्ण बाटलीत ६०० मिलिग्राम, आणि अ‍ॅड्रेनलिनसह प्रौढाची वरची मर्यादा किलोमागे ७, एकूण ५०० मिलिग्राम. लहान मुलांना मी किलोमागे ४.४ च धरायला सांगतो. १५ किलोचं मूल म्हणजे ६६ मिलिग्राम, म्हणजे ३.३ मिलिलिटर. १.८ मिलिलिटरची दोन कार्ट्रिज ही मर्यादा ओलांडतात. 'एकाच दिवशी चारही बाजूंचे किडके दात उरकून घेऊ' म्हणणाऱ्या पालकांना हा आकडा दाखवावा. हृदयरोगी असेल तर अ‍ॅड्रेनलिन मोजा: एकास ८०,००० मध्ये मिलिलिटरला १२.५ मायक्रोग्राम, ४० ची मर्यादा ३.२ मिलिलिटरलाच गाठली जाते.

आता यापेक्षा भयंकर गोष्ट. ट्रेवर दोन सिरिंज आहेत, दोन्ही पाच मिलिलिटरच्या, दोन्हींत पाण्यासारखं स्वच्छ द्रव. एकीत लिग्नोकेन, दुसरीत रूट कॅनाल धुवायचं हायपोक्लोराइट. सहायकाने हात पुढे केला आणि डॉक्टरांनी न बघता घेतली. ऊतींत हायपो गेलं की क्षणात असह्य कळ, तोंड सुजून येतं, पुढे ऊती मरतात. उपाय फुकटचा आहे: भुलीचं औषध डॉक्टरांनी स्वतः, त्याच क्षणी ओढायचं, भरून ठेवायचं नाही. हायपो वेगळ्या मापाच्या, लेबल लावलेल्या, फिरकी लॉकच्या सिरिंजमध्ये, बाजूने छिद्र असलेल्या वाकड्या सुईने. सुई कॅनालमध्ये अडकू द्यायची नाही, कॅनालच्या मोजलेल्या लांबीपेक्षा दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. रबर डॅम (दात वेगळा करणारा रबराचा पडदा) लावल्याशिवाय हायपो उघडूच नका.

मांडवीकाठ
+१. चुकीचा दात काढणं हाही याच घराण्यातला प्रकार. दात वाकडे म्हणून चार प्रिमोलर (सुळ्यामागचे लहान दात) काढायला पाठवतात, चिठ्ठीवर नुसते '४'. एकाला ते चौथे वाटतात, दुसऱ्याला पाचवे. चिठ्ठीत एफडीआय या दात मोजायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे दोन आकडे आणि शब्दांतही लिहावं: '१४, वरचा उजवा पहिला प्रिमोलर'. उपटण्याआधी मोठ्याने मोजायचं, एक्स-रेची डावी-उजवी बाजू तपासायची, पेशंटला आरशात बोट ठेवून दाखवायला सांगायचं. मिनिटही लागत नाही.

संमतीपत्राबद्दलही एक. छापील इंग्रजी कागदावर सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही. पेशंटला कळणाऱ्या भाषेत, पर्याय आणि धोके सांगून. गोव्यात म्हणजे कोंकणी, मराठी, इंग्रजी, हिंदी, आणि वास्को-मडगावकडे कन्नडही. इम्प्लांटच्या डब्यातलं लॉट क्रमांकाचं स्टिकर केस पेपरवर चिकटवा आणि एक पेशंटला द्या. परदेशी पाहुणा दहा दिवसांत विमानात बसतो, तिकडच्या दंतवैद्याला स्क्रू कुठल्या कंपनीचा तेच कळत नाही.

पेडण्याचो
आम्ही बिनडॉक्टर माणसं. खुर्चीवर बसल्यावर काय बघायचं तेवढं सांगा. आणि ब्लड थिनर दात काढायच्या आधी बंद करायची का?

नर्सबाय
पाऊच तुमच्यासमोर फाडला का, त्यावर तारीख आहे का, आणि हँडपीसही पाऊचमधूनच आला का. हँडपीस नुसता स्पिरिटने पुसून परत लावत असतील तर विचारा. विचारलेलं चांगल्या डॉक्टरांना राग आणत नाही. सुई नवी. तुमची औषधं, अ‍ॅलर्जी, साखर, रक्तदाब विचारल्याशिवाय भूल देत असतील तर स्वतःहून सांगा.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एका-दोन दातांसाठी बहुधा बंद करावी लागत नाही, टाके आणि दाबून धरलेलं गॉझ पुरतं. वॉरफरिनवाल्यांनी ताजा आयएनआर (रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा) घेऊन जायचं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी घेणाऱ्यांनी ती नक्की सांगायची, जबड्याचं हाड भरत नाही असा त्रास होऊ शकतो.

कचरावाला
डब्यांचं सांगतो, कारण दातांच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथे.

पिवळा: रक्ताचा कापूस, गॉझ, मास्क, काढलेले दात, मुदत संपलेली औषधं. लाल: ग्लोव्ह्ज, सक्शनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज. पांढरा, न टोचला जाणारा कडक डबा: सुया, ब्लेड, रूट कॅनालच्या फाइल, हँडपीसचे बर, ऑर्थोच्या तारांचे तुकडे. निळा: काच, म्हणजे रिकाम्या बाटल्या आणि काचेची कार्ट्रिज. पांढरा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, वरून दाबायचा नाही.

चांदी भरलेला दात पिवळ्यात टाकू नका. पिवळी पिशवी भट्टीत जाते आणि पारा धूर होऊन बाहेर पडतो. असे दात आणि अमाल्गमचा (चांदी-पाऱ्याच्या मिश्रणाचा) चुरा झाकणाच्या वेगळ्या डब्यात, पारा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे. खरं तर नव्या दवाखान्याने अमाल्गम सुरूच का करावं?

रक्ताचा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कुंडईच्या सामायिक प्रकल्पाशी करार करताना गाडी आठवड्यातून किती वेळा आणि कोणत्या वारी येणार ते लिहून घ्या. शनिवारी संध्याकाळची पिशवी मंगळवारी गेली तर नियम मोडलाच. पिशवीवर बारकोड हवा. आणि परसात खड्डा खणून पुरायची कल्पना कोणी दिली तर सोडून द्या. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रकल्प असताना स्वतः विल्हेवाट लावायला परवानगी नाही.

सहायकांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस हीसुद्धा याच नियमांत आहे, मालकाची जबाबदारी म्हणून. हिपॅटायटिसचे तीन डोस, ०-१-६ महिने, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० च्या वर आहेत का ते तपासा. टोचलंच तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही. मग जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जिल्हा इस्पितळाची कॅज्युअल्टी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. सुईला टोपण दोन हातांनी लावायचं नाही, ट्रेवर ठेवून एका हाताने उचलायचं.

भूलशास्त्र
आणीबाणीची पेटी राहिली. अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रामच्या अँप्युल, साल्ब्युटामॉल इनहेलर, अ‍ॅस्पिरिन ३००, जिभेखालची सॉर्बिट्रेट, ग्लुकोज, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), ऑक्सिजन. जोरदार अ‍ॅलर्जीत प्रौढाला अर्धा मिलिलिटर अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. अविल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर, आधी नाही. नॉरअ‍ॅड्रेनलिनची अँप्युल त्या पेटीत असूच नये, नाव सारखं वाटतं.

ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर दीड घनमीटरचा, मिनिटाला १० लिटरने अडीच तास चालतो. १०८ येईपर्यंत पुरे. पण चावी सिलिंडरला बांधलेली हवी. चावी सापडत नाही म्हणून भरलेला सिलिंडर नुसता उभा, हे चित्र फार सामान्य आहे.

कुळागर
सगळ्यांना धन्यवाद. एक्स-रेचं थोडं अजून सांगाल का? आणि वीज गेली तर ऑटोक्लेव्हचं काय करायचं?

मांडवीकाठ
ई-लोरावरची नोंदणी पाच वर्षांची, गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी, तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका. एक्सपोजर देणाऱ्याने किमान सहा फूट दूर, किरणांच्या दिशेपासून ९० ते १३५ अंशांच्या कोनात उभं राहायचं. फिल्म किंवा सेन्सर पेशंटच्या तोंडात सहायकाने धरून ठेवायचा नाही, होल्डर वापरा. शिशाचा एप्रन घडी घालून ठेवला की आत तडा जातो. टांगून ठेवा आणि वर्षातून एकदा त्याचाच एक्स-रे काढून बघा.

ऑटोक्लेव्हदुरुस्ती
पावसात वीज जाणार हे धरूनच चाला. चक्र मध्ये तुटलं तर ते झालंच नाही असं समजायचं, 'तीनपैकी दोन मिनिटं झाली होती' हा हिशेब नाही. आतले पाऊच ओले असतात, ते फाडून नव्या पाऊचमध्ये भरून पूर्ण चक्र पुन्हा. नोंदवहीत 'खंडित' लिहा.

टेबलावरचा ऑटोक्लेव्ह दोन किलोवॉटच्या आसपास ओढतो, घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. जनरेटर असेल तर प्लेटवरचे वॉट बघून त्यावर तीस टक्के तरी जास्तीची क्षमता ठेवा, आणि मध्ये स्टॅबिलायझर. नसेल तर सरळ उपाय: दोन दिवस पुरतील इतके हँडपीस आणि तपासणीचे संच जास्त घ्या. खुर्चीमागे चार हँडपीस हा माझा आकडा, त्याखाली गेलात की सहायक स्पिरिटचा कापूस उचलणारच.